वरच्या कुरणातली भेग

बुधवारी सकाळी पाऊस जरा उघडल्यासारखा झाला म्हणून रेस्मिये वरच्या कुरणात गेली. कापून रचलेल्या गवताच्या गंजी पाच दिवस भिजत होत्या. वरचं कुजलं तर कुजलं, आतलं तरी उलटून टाकावं, एवढाच तिचा विचार. पहिल्या गंजीत तिने आकडी रोवली, पाय मागे घेतला आणि तो घोट्यापर्यंत जमिनीत गेला.

उंदराचं बीळ असेल असं तिला वाटलं. तिने पाय ओढून काढला, हाताने गवत बाजूला सारलं. बीळ नव्हतं. जमीन फाटली होती. दोन बोटं रुंदीची भेग कुरणाला आडवी कापत गेली होती, एका अंगाला पाइनच्या रांगेपर्यंत आणि दुसऱ्या अंगाला थेट ओढ्यापर्यंत. रेस्मियेने आकडीचा दांडा आत घातला. मुठीपर्यंत गेला, तरी तळ लागला नाही.

ती तिथेच ओल्या गवतात बसली. खाली, पायांच्या बरोबर खाली, सगळं हर्त्वान गाव पसरलं होतं. एकतीस घरं, मशिदीचा पत्र्याचा मनोरा, गोठ्यांतून निघणारी वाफ. सरकारी कागदावर गावाचं नाव यामाचली असं काहीतरी होतं, पण ते फक्त टपालवाला म्हणायचा.

रेस्मिये मूळची इथली नव्हती. तिचं माहेर दोन खोरी पलीकडचं, त्सिखोर. ती नऊ वर्षांची असताना, बर्फ वितळायच्या दिवसांत, त्सिखोरचा डोंगर खाली आला. ती आणि तिची आई मावशीकडे गेल्या होत्या म्हणून वाचल्या. बाप, दोन भाऊ आणि आणखी चोवीस माणसं मातीत गेली. त्याआधी आठवडाभर झऱ्याला लाल पाणी येत होतं, हे तिला पक्कं आठवत होतं. आई म्हणाली होती, पाणी बघा. बाप म्हणाला होता, पावसाचं आहे, निवळेल.

तेव्हापासून भीती तिच्या अंगातच बसली होती. वीज कडाडली की ती घराबाहेर उघड्यावर जाऊन उभी राहायची, डोक्यावर घोंगडी घेऊन. लग्न होऊन हर्त्वानला आली त्याला सत्तावीस वर्षं झाली, नवरा जाऊन तीन वर्षं झाली, तरी गावात तिची ओळख एकच, भित्री रेस्मिये. पोरंसोरं तिची नक्कल करायची. मोठी माणसं हसायची आणि मग पोरांना दटावल्यासारखं करायची.

त्यामुळे खाली आल्यावर ती चहाच्या दुकानाच्या दारात उभी राहिली तेव्हा आतल्या पुरुषांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहूनच ओळखलं, बाईला आज पुन्हा काहीतरी झालंय.

हिल्मी तिचा थोरला दीर. गावाने निवडून दिलेला मुहतार, म्हणजे गावचा मुख्य माणूस. तो पत्ते खेळत होता.

"भावजी, वरच्या कुरणात जमीन फाटलीये."

"पावसात फाटते, उन्हात सांधते," पत्त्यांवरची नजर न काढता तो म्हणाला. "कपड्यापेक्षा बरी."

"दांडा आत घातला. तळ लागला नाही."

"लांब दांडा न्यायचा."

सगळे हसले. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "वहिनी, माप घेऊन या, शिंप्याला सांगू." पुन्हा हशा. रेस्मिये दारातून हलली नाही. शेवटी हिल्मी पत्ते उपडे ठेवून बाहेर आला. तिला बाजूला घेऊन हळू आवाजात बोलू लागला.

"हे बघ. रविवारी माझ्या एर्कुतचं लग्न आहे. शावशातहून व्याही येणार, दीडशे पानं उठणार. तू दारोदार डोंगर पडणार, डोंगर पडणार करत फिरलीस तर पोरीचा बाप काय म्हणेल? कुठल्या गावात पोरगी देतोय मी?"

"भावजी, नुसतं येऊन बघा."

"तुझ्या माहेरी झालं ते वाईट झालं. कुणी नाही म्हणत नाही. पण प्रत्येक डोंगर त्सिखोरचा नसतो." मग तिची अवस्था पाहून तो थोडा नरमला. "बरं, तुझ्या समाधानासाठी फोन लावतो."

त्याने खरंच सरकारी कचेरीत फोन लावला. गावात फोन त्याच्याच घरी होता. पलीकडच्या माणसाने सांगितलं, जमीन बघणारे साहेब दुसऱ्या खोऱ्यात पुराच्या कामाला गेलेत, सोमवारी तिकडचा रस्ता मोकळा झाला की येतील. हिल्मीने फोन ठेवला. "सोमवारी येतायत. झालं? आता रविवारपर्यंत तोंड बंद."

गुरुवारी भेगेत मूठ जात होती. शुक्रवारी तिने आपला पाय आत घालून पाहिला आणि चटकन बाहेर काढला. आता नुसती रुंदी राहिली नव्हती, भेगेच्या खालची जमीन वरच्या जमिनीपेक्षा वीतभर उतरली होती. गंज अर्धी वर, अर्धी खाली अशी तुटून पडली होती. परत येताना ती गावच्या झऱ्यावर थांबली. दगडी तोटीतून येणारं पाणी गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचं होतं. तिने ते ओंजळीत घेतलं, वास घेतला. चाळीस वर्षांपूर्वीचा वास. ओंजळ सुटली आणि ती झऱ्याच्या कट्ट्याला धरून उभी राहिली.

"काकू, चक्कर आली का?" घागर भरायला आलेल्या एका सुनेने विचारलं.

"पाणी बघ."

"हो ना, लालच येतंय. पावसाचं असेल."

त्या रात्री रेस्मिये अंगावरच्या कपड्यांनिशी, बूट घालून झोपली. झोपली कसली, पडून राहिली. शनिवारी उजाडताच तिने गाय सोडली आणि ओढ्यापलीकडच्या खडकाळ धारेवर नेली. तिथे बंद पडलेली शाळा होती. ती धार म्हणजे सलग काळा कातळ, मातीचा पत्ताच नाही. म्हणून तर शाळेत कधी झाड जगलं नव्हतं. गाय शाळेच्या खांबाला बांधली, पुढ्यात गवत टाकलं आणि ती घरी आली. दारात तिची जाऊ उभी होती.

झुहरे, हिल्मीची बायको. दोघी जावा दोन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. कुरणातली एक पट्टी कुणी कापायची यावरून सुरू झालेलं भांडण, मग त्यात म्हातारपणी सासूचं कोणी केलं हे निघालं, मग आणखी बरंच. लग्नाचं आमंत्रणही झुहरेने पुतणीकडून पाठवलं होतं.

"गाय का हलवलीस?" झुहरेने विचारलं. ना कशी आहेस, ना काही.

"भीती वाटते म्हणून."

झुहरेच्या हाताला पीठ लागलेलं होतं. मग ती एकदम म्हणाली, "आमच्या खोलीचं दार लागत नाहीये. गुरुवारी सुताराने रंधा मारून दिला. काल परत अडकलं, परत मारला. आज बघते तर पुन्हा तेच. हिल्मी म्हणतो, पावसाने फुगलंय. अगं, दार फुगतं, चौकट कशी वाकडी होईल?"

"मी जमिनीवर अंडं ठेवलं," झुहरे म्हणाली. "घरंगळत भिंतीपर्यंत गेलं. वीस वर्षं त्याच जमिनीवर बसून मी पोळ्या लाटतेय. कधी लाटणं हललं नाही."

दोघी मिळून वर गेल्या. पाऊस पहाटेच थांबला होता. ढगांतून ऊन पडत होतं. कुरण इतकं हिरवंगार आणि शांत दिसत होतं, की झुहरेला पहिल्यांदा काही दिसलंच नाही. मग दिसलं. ती भेगेच्या काठावर आली, खाली डोकावली आणि मागे सरून मटकन बसली. तिने तोंडावर हात धरला. खालून ओल्या मातीचा गार वारा येत होता.

"ऊन पडलंय," ती म्हणाली. "आता सुकेल ना?"

"त्सिखोरला दोन दिवस ऊन पडलं होतं. तिसऱ्या दिवशी आला."

"म्हणजे कधी?"

"मला कसं कळणार? आज. महिन्याने. मला फक्त भीती कळते, झुहरे. दिवस नाही कळत."

त्यांच्या पायाखाली, खूप खोल, काहीतरी कुरकुरलं. जुन्या जिन्यावर कुणी पाय ठेवावा तसं. दोघींनी एकमेकींचा हात कधी धरला हे त्यांनाही कळलं नाही. त्या तशाच पळत उतरल्या, ओढ्याच्या पुलापर्यंत थांबल्या नाहीत.

"सगळ्यांना सांगायला हवं," रेस्मिये धापा टाकत म्हणाली.

"सांगून काय होणार? तू सांगितलंस, हसले. मी सांगितलं तर हिल्मी म्हणेल, दोघी जावा एक झाल्या, नक्की काहीतरी कारस्थान आहे." झुहरेने कपाळाचा घाम पुसला. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण डोळे काहीतरी जुळवत होते. "मी काही सांगणारच नाही. मी स्वयंपाक हलवते."

"काय?"

"लग्नाला माणसं कशाला येतात गं? नवरी बघायला? ती सगळ्यांनी फोटोत बघितलीये. जिथे कढया, तिथे माणसं. मी कढया शाळेपाशी नेते."

रविवारी पहाटे, हिल्मी घोरत असताना, झुहरेने शेजारच्या तिघी बायकांना उठवलं. गवत ओढायची लाकडी घसरगाडी बैलांना जोडली, त्यावर तांब्याच्या चार कढया चढवल्या, भिजवलेला गहू आणि कापलेलं मटण चढवलं. बायकांना तिने एवढंच सांगितलं की अंगणात चिखल आहे. रेस्मिये बैलांपुढे चालत होती. पूल येईपर्यंत ती दर दहा पावलांनी मागे वळून डोंगराकडे बघत होती. पुलाच्या फळ्यांवर घसरगाडी अडकली तेव्हा तिला वाटलं, आता आपण इथेच ओरडू लागणार. तिने जीभ दातांखाली धरली. बैलांनी ओढ दिली आणि गाडी पलीकडे गेली.

उजाडल्यावर हिल्मी उठला तो थंड चुलाणं बघून ओरडतच शाळेपाशी आला.

"कढया इथे कुणी आणल्या?"

"मी," झुहरे म्हणाली. ती मोठ्या लाकडी वल्ह्याने गहू घोटत होती. "अंगणात गुडघाभर चिखल आहे. शावशातच्या बायका त्यांच्या त्या चकचकीत चपला घालून चिखलात बसणार का? तुझीच अब्रू जाईल."

"मला विचारायचं तरी!"

"घोरत होतास. घोरणाऱ्याला काय विचारणार?"

हिल्मीने रेस्मियेकडे पाहिलं. ती कांदे चिरत होती, मान वर करत नव्हती. त्याला सगळं समजलं. त्याच्या जबड्याची शीर उडाली. पण तेवढ्यात खालून मोटारींचे भोंगे ऐकू आले, व्याही आले होते, आणि व्याह्यांसमोर तमाशा करणं त्याला परवडणारं नव्हतं. "लग्न होऊ दे," तो दात आवळून म्हणाला. "मग बघतो दोघींकडे."

झुहरेने घरोघरी निरोप धाडला होता की जो मागे राहील त्याने माझा अपमान केला असं मी समजेन. तिच्या जिभेला सगळं गाव वचकून असे. म्हाताऱ्यांना खुर्च्यांवर उचलून आणलं, पाळण्यातली पोरं आली, अंथरुणाला खिळलेली एक आजी रजईसकट आली आणि मटण नीट शिजलं नाही म्हणून तक्रार करू लागली. ढोल-सनई सुरू झाली. आकाश निळंशार होतं. लोक हातात हात गुंफून नाचू लागले आणि रेस्मिये भिंतीला पाठ लावून माणसं मोजू लागली.

ती घराघरानुसार मोजत होती. तीन वेळा मोजलं. तिन्ही वेळा एक कमी.

"जेमशित कुठाय?" तिने कढईपाशी उभ्या असलेल्या झुहरेला विचारलं.

"तो कसला येतोय. निवडणुकीत हिल्मीसमोर उभा राहिला होता ना. अकरा मतं पडली, तेव्हापासून आमच्या घरचं पाणी पीत नाही."

रेस्मियेने गावाकडे पाहिलं. गाव जागच्या जागी होतं. पण वरच्या कुरणालगतची पाइनची रांग तिला खटकली. काल ती झाडं सरळ उभी होती. आज ती सगळी एकाच बाजूला, गावाकडे, झुकली होती, जणू कुणाचं बोलणं ऐकायला वाकलीत.

तिला पळून जायचं होतं. धारेच्या पलीकडे, खाली, शावशातच्या रस्त्याने, कुठेही. पोटरीचे स्नायू तिकडेच ओढत होते. जेमशित ऐंशीचा होता, एका कानाने ठार बहिरा. एकटा राहायचा. त्याने आयुष्यात कधी तिची नक्कल केली नव्हती, एवढंच तिला त्याच्याबद्दल आठवलं.

"मी त्याला घेऊन येते."

झुहरेच्या हातातलं वल्हं थांबलं. "जाऊ नकोस."

"मग तू जातेस?"

रेस्मिये उत्तराची वाट न बघता उतरू लागली.

पुलाखालचा ओढा जवळजवळ आटला होता. आठवडाभराच्या पावसानंतर ओढा आटतो कसा? वर कुठेतरी पाणी अडलं होतं, किंवा आत मुरत होतं. ती पूल ओलांडून गावात शिरली. सनईचा आवाज इथपर्यंत येत होता, पण लांबून, दुसऱ्याच कुठल्या दिवसातून आल्यासारखा. झऱ्याची तोटी कोरडी पडली होती. घरं बोलत होती. तुळया करकरत होत्या, मध्येच एखादा खिळा टण्णकन सुटत होता. गोठ्यांत बांधलेली गुरं एकसारखी हंबरत होती. आपल्या छातीचे ठोके की जमिनीचे, हे तिला सांगता येईना.

जेमशित ओसरीवर बसून मक्याची भाकरी नि कांदा खात होता.

"जेमशित मामा, चला! डोंगर येतोय!"

"काय?"

"डोंगर!"

"कुठे जाणारे डोंगर? इथेच असतो." त्याने कांद्याचा तुकडा तोंडात टाकला. "हिल्मीने पाठवलं ना तुला? त्याला सांग, मी घरचं खातो."

तिने त्याचा दंड धरला. त्याने झटकला. ती रडकुंडीला आली. ओरडून काही उपयोग नव्हता, विनवून नव्हता. मग तिच्या तोंडून आपोआप निघालं, "मामा, अस्वल आलंय!"

म्हाताऱ्याचं चावणं थांबलं.

"तुमच्या मधमाश्यांच्या पेट्यांवर. शाळेच्या वरच्या अंगाला. तीन फोडल्या!"

"तीन?" जेमशित उभा राहिला. "कुठल्या तीन?"

"मला काय माहीत! लवकर चला!"

तो आत जाऊन बंदूक घेऊन आला. मग काडतुसांसाठी पुन्हा आत गेला. मग दाराला कुलूप लावू लागला. किल्ली फिरेना, चौकट वाकडी झाली होती. "राहू द्या ना कुलूप!" रेस्मिये किंचाळली. "चोर येतात," तो म्हणाला आणि किल्लीशी झटत राहिला. घरामागे एक भिंत दाणकन कोसळली. तो आवाज मात्र त्यालाही ऐकू गेला. त्याने किल्ली दारातच सोडली.

वाटेवर समोरून हिल्मी धावत येत होता. लग्नाचा कोट, पाय चिखलाने भरलेले. झुहरेने त्याला सांगितलं असावं. तो रागाने लाल होऊन आला होता, तोंड उघडलंही होतं, पण बोलायच्या आत त्याची नजर वर गेली. मशिदीच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत उभी चीर पडली होती, आणि ती त्याच्या डोळ्यांदेखत रुंदावत होती. त्याचा रंगच उतरला.

"या अल्लाह," तो पुटपुटला. मग रेस्मियेकडे बघून, अगदी साध्या आवाजात, "किती दिवस सांगत होतीस तू?"

"चला भावजी, चला!"

"तुम्ही व्हा पुढे. गुरं बांधलेली आहेत सगळ्यांची."

"राहू द्या गुरं!"

"लोक खातील काय हिवाळ्यात? मुहतार आहे मी. माझ्या शब्दावर बसलेत सगळे." त्याने जेमशितच्या कमरेचा सुरा काढून घेतला. ज्याच्याशी तो चार वर्षं बोलला नव्हता त्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर त्याने एक थाप मारली. "दावी कापतो नि आलोच. दोन मिनिटं."

रेस्मियेने त्याची बाही धरली होती. ती हातातून निसटली.

ती म्हाताऱ्याला ओढत पुलाकडे निघाली. मागून गोठ्यांची दारं धडाधड उघडल्याचे आवाज येत होते, हिल्मी गुरांना शिव्या घालत हाकलत होता. पहिली गाय त्यांना ओलांडून गेली, मग चार, मग झुंडच. पुलावर गायींच्या रेट्यात दोघं कठड्याला चिकटून उभी राहिली आणि मग त्यांच्या मागोमाग पलीकडे चढू लागली. जेमशित धापा टाकत विचारत होता, "गुरांना अस्वलाचा वास आला वाटतं?" रेस्मिये मोजत होती, कारण मोजणं थांबवलं तर पाय थांबतील असं तिला वाटत होतं. छत्तीस, सदतीस. गायी आणखी येत होत्या.

सनई थांबली. वर धारेवर कुणीतरी किंकाळी फोडली. रेस्मिये वळली.

सुरुवातीला आवाजच नव्हता. पाइनची झाडं उभ्या उभ्या खाली चालत निघाली होती. त्यांच्याखालचं कुरण, गवताच्या गंजी, कुंपण, सगळं एकत्र, घाई नसल्यासारखं. मग आवाज आला आणि तो तिने कानांनी ऐकला नाही, हाडांनी ऐकला. वरची घरं एकमेकांवर चढली. मशिदीचा मनोरा थोडं अंतर ताठ उभ्यानेच सरकला, मग गुडघे टेकल्यासारखा बसला आणि दिसेनासा झाला. गावाच्या खालच्या टोकाला हिल्मीचं घर होतं. स्वतःचा गोठा त्याने सगळ्यांत शेवटी ठेवला असावा. त्या गोठ्यातून दोन पांढऱ्या गायी बाहेर पडताना रेस्मियेने पाहिल्या. त्यांच्यामागे दारात लग्नाचा काळा कोट दिसल्यासारखा वाटला. मग धूळ उठली. धूळ खाली बसली तेव्हा गावाच्या जागी लालसर माती होती आणि तिच्यातून पत्रे वर आले होते.

दीडशे-पावणेदोनशे माणसं धारेवर उभी होती आणि कुणी काही बोलत नव्हतं. फक्त ती अंथरुणाला खिळलेली आजी विचारत होती, काय झालं, काय झालं मला सांगा कुणीतरी.

हिल्मी सापडला नाही. अकरा दिवस यंत्रांनी खणलं, मग जमीन अजून हलतेय म्हणून काम थांबवलं. एर्कुत आणि त्याची नवी नवरी लग्नाच्या कपड्यांत तंबूत राहिली. व्याही पोरीला परत न्यायला तयार होते. पोरगी म्हणाली, मी इथेच राहणार, आणि तिने सासूच्या शेजारी अंथरूण टाकलं.

लोकांचं रेस्मियेबद्दल एकमत कधीच झालं नाही. काहींनी तिचे हात डोळ्यांना लावले. काही म्हणाले, सारखं अभद्र बोलत राहिली म्हणून ओढवलं. जेमशित सातव्या दिवशी आपल्या पेट्या बघून आला. एकही फुटलेली नव्हती. तो तंबूंमधून वाट काढत तिच्यापाशी आला.

"अस्वल कुठे होतं?"

"नव्हतं, मामा."

"खोटारडी," तो म्हणाला आणि गेला. त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही. पण कुणी तिच्याविरुद्ध बोलू लागलं की बंदूक टेकत उठून तिथून निघून जायचा.

झुहरेच्या समोर जायची रेस्मियेची हिंमत होत नव्हती. पाण्याच्या रांगेत ती दिसली की रेस्मिये बादली उचलून मागे जायची. डोंगराची भीती तिला ओळखीची होती. ही भीती वेगळी होती, हिचं काय करायचं ते तिला ठाऊक नव्हतं. शेवटी पहिलं बर्फ पडलं त्या दुपारी झुहरेच तिच्या तंबूत आली. काळा रुमाल बांधलेला, गालफडं बसलेली. ती खाली बसली. रेस्मियेने चहा ओतला, तो तिने घेतला नाही.

"मी त्याला सांगितलं," झुहरे म्हणाली. "तू खाली गेलीस म्हणून मीच सांगितलं. नाहीतर तो नाचत होता."

"झुहरे..."

"थांब. बोलू दे. तू म्हाताऱ्यासाठी गेलीस. तुझ्यामागे तो गेला. हे मी विसरणार नाही. आणि माझा पोरगा, सून, सगळं गाव वर जेवत होतं, तेही विसरणार नाही. दोन्ही एकदम कसं धरायचं ते मला अजून जमत नाहीये. तू मला घाई करू नकोस. आणि बादली उचलून पळूही नकोस. लोक बघतात."

मग तिने थंड झालेला चहा पिऊन टाकला.

वसंतात खालच्या खोऱ्यात, नदीपासून वर पण डोंगरापासून लांब अशा सपाट जागेवर सरकारने घरं बांधून दिली. वाटपाच्या दिवशी कारकून टेबल टाकून बसला होता. नातेवाइकांना शेजारी शेजारी हवं असेल तर तसं सांगा, असं तो प्रत्येकाला म्हणत होता. एर्कुतने आईसाठी आपल्या शेजारचं घर मागितलं.

"नको," झुहरे म्हणाली. "मला रेस्मियेच्या शेजारचं द्या."

रेस्मिये रांगेत मागे उभी होती. तिने मान वर केली.

"ही तुमची कोण?" कारकुनाने विचारलं.

"जाऊ आहे. हिला फार भीती वाटते," झुहरे म्हणाली. "हिच्या शेजारी मला झोप लागेल."

कारकुनाला ते काही नीट समजलं नाही. त्याने दोन आकडे लिहिले, शिक्का मारला आणि पुढच्याला हाक दिली.